दोन इंचांची उंची

मोटार विकत घेतांना मनुष्य तिचा रंग पाहतो, आंतील गाद्या पाहतो, ती किती वेगानें धांवते आणि लिटरला किती पल्ला देते याची चौकशी करतो; परंतु खालीं वांकून तिच्या पोटाखालचें अंतर पाहणारा गृहस्थ विरळा. शहरांतल्या डांबरी रस्त्यावर त्या अंतराचें प्रयोजन फारसें पडत नाहीं, म्हणून तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. कोंकणांतील घराची गोष्ट निराळी. तेथें हमरस्ता सोडून वाडीची वाट धरली, कीं गाडीच्या सर्व गुणांची किंमत शेवटीं त्या एका अंतरावर येऊन ठरते. वाटेच्या दोन चाकोऱ्या पावसानें खोल होत जातात, मधला उंचवटा गवत धरून तसाच राहतो, आणि एखाद्या दिवशीं चारी चाकें चाकोरींत असूनही गाडीचें पोट मात्र त्या उंचवट्यावर टेकतें. मग इंजिनाचें सामर्थ्य काय करणार? पाटावर ठेवलेल्या कासवासारखी तिची अवस्था होते. पाय हलतात, परंतु पुढें जाणें होत नाहीं.

राजापूर तालुक्यांतील आमच्या घरीं जाणारी शेवटची दीड किलोमीटर वाट अशीच आहे. २०२४ च्या श्रावणांत आमच्या मातोश्रींना रात्रीं श्वासाचा त्रास होऊं लागला, आणि त्यांना घेऊन निघालेली गाडी त्या उंचवट्यावर अडकली. त्यांचें वय तेव्हां ब्याऐंशीं होतें. यांत गाडीचा दोष नव्हता. चिऱ्यांचे ट्रॅक्टर वर्षभर त्या वाटेनें गेले होते आणि पावसानें चाकोऱ्या धुपल्या होत्या. शेजारच्या वाडींतील चार माणसें फावडीं घेऊन धांवत आलीं आणि तासाभरानें गाडी सुटली. मातोश्री सुखरूप राहिल्या. परंतु तो तास घरांतील कोणालाही विसरतां आला नाहीं, आणि गाडी उंच करण्याचा प्रश्न आमच्या ओटीवर आला तो त्या तासामुळें.

गाडी आमच्या पुतण्याची, चि. माधवची, महिंद्रा कंपनीची ‘थार’. हें कुळ जुन्या वाचकांस अपरिचित नाहीं. १९४५ सालीं स्थापन झालेल्या ह्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्यास आरंभ केला. ‘थार’ हें नांव २०१० सालीं आलें, आणि तिचा हल्लींचा घाट २०२० च्या २ ऑक्टोबर रोजीं बाजारांत आला. महायुद्धांतील त्या मूळ विलिस जीपच्या खालीं, सर्वांत खालच्या भागापाशीं, पावणेनऊ इंच, म्हणजे सुमारें २२२ मिलिमीटर, मोकळी जागा असे. थारच्या खालीं कंपनी २२६ मिलिमीटर सांगते. ऐंशीं वर्षांत वाढ काय ती चार मिलिमीटर! हा हिशेब प्रथम केला तेव्हां आम्हांस आश्चर्य वाटलें. एवढे विद्वान् इंजिनियर एवढीं वर्षें खपले, त्यांना आणखी दोन इंच वाढवितां आले नसते काय? त्यांनीं तें केलें नाहीं यास कांहीं कारण असलेंच पाहिजे, ह्या विचारानें आमच्या परीक्षेची सुरुवात झाली.

माधवचें म्हणणें सरळ होतें. डोंगरवाटांवर गाडी नेणारी हौशी तरुण मंडळी गाडीच्या स्प्रिंगा बदलून तिला उंच करतात. त्यासाठीं तयार संच मिळतो. त्याला ते ‘लिफ्ट किट’ म्हणतात. पुढें दोन इंच, मागें दीड इंच. किंमत साठ-सत्तर हजारांच्या घरांत. सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां त्यानें हा बेत मांडला. वहिनींनीं किंमत पुन्हां एकदां विचारून घेतली, आणि आम्हीं विचारलें, “ह्यानें आपलें काम होईल, हें कोणीं मोजून पाहिलें आहे काय?”

“मोजायचें काय त्यांत, काका? गाडी दोन इंच वर गेली, कीं उंचवटा दोन इंच खालीं राहिला.”

“अरे, ज्या गाडींत आजीला बसवून रात्रीं-अपरात्रीं न्यायचें, तिचा हिशेब तोंडीं करून कसें चालेल? आधीं पाहूं, मग घेऊं.”

माधव स्वतः इंजिनियर आहे. मोजण्याला तो नाहीं म्हणत नाहीं. त्याच्या एका मित्राकडे काढून ठेवलेला असाच संच होता, तो आठ दिवसांसाठीं उसना मिळाला, आणि २०२५ च्या वैशाखांत परीक्षा घेण्याचें ठरलें.

परीक्षा कोठें घ्यावी हा प्रश्न आधीं आला, कारण तो कायद्याचा प्रश्न होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें ह्या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. आणि त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें, कायद्यांत न बसणाऱ्या फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. शिवाय विमा कंपनीला न कळवितां केलेला बदल अपघाताच्या वेळीं दावा नाकारण्यास कारण होऊं शकतो. बाजारांत संच उघड विकले जातात, म्हणून ते लावून रस्त्यावर जातां येतें असें होत नाहीं. तेव्हां सर्व प्रयोग खाजगी जागेंत करावयाचे, आणि गाडी बाहेर काढण्यापूर्वीं ती मूळ स्थितींत आणावयाची, असें ठरलें. आमच्या आप्तांची जांभ्या चिऱ्यांची एक बंद पडलेली खाण गांवाजवळ आहे. उघडा सडा त्याहून सोईचा होता. परंतु ह्या भागांतील सड्यांवर प्राचीन कातळशिल्पें आहेत. कोंकणच्या कातळशिल्पांचा २०२२ सालीं युनेस्कोच्या संभाव्य यादींत समावेशही झाला आहे. टायरांखालीं काय येईल याचा भरंवसा नसतां तेथें जाणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं. खाणीचा तळ मात्र चिरे काढून सपाट झालेला, आणि तेथें येणारेंजाणारें कोणी नाहीं. परीक्षेस याहून चांगली जागा कोणती?

परीक्षेकडे वळण्यापूर्वीं ह्या विद्येचें मूळ सांगितलें पाहिजे. कारण सर्व घोटाळा ‘गाडी उंच झाली’ ह्या तीन शब्दांत आहे. मोटारीचे दोन भाग कल्पावे. एक स्प्रिंगांच्या वरचा: सांगाडा, इंजिन, बैठका आणि माणसें. दुसरा स्प्रिंगांच्या खालचा: चाकें आणि त्यांना जोडलेले भाग. स्प्रिंग उंच केली म्हणजे वरचा भाग उंच होतो. खालच्या भागाची उंची चाकाच्या आकारानेंच ठरलेली असते, तो तसूभरही वर जात नाहीं. थारच्या मागल्या दोन चाकांमध्यें बैलगाडीप्रमाणें एकसंध आंस आहे, आणि त्याच्या जवळजवळ मध्यावर दंतचक्रांचा एक गोळा आहे, त्याला ‘डिफरन्शियल’ म्हणतात. हा गोळा आंसाचाच भाग, म्हणून तो स्प्रिंगांच्या खालचा. बैलगाडीवर पेंढ्याचा भारा कितीही उंच रचला तरी तिचा आंस दगडाला लागायचा तो लागतोच, तसेंच हें. गोळा वर न्यायचा तर चाकच मोठें हवें. पुढची रचना निराळी आहे. तेथें प्रत्येक चाक स्वतंत्र बाहूंवर टांगलेलें असून डिफरन्शियल सांगाड्याला बांधलेलें असतें. त्यामुळें पुढें तें वर जातें खरें. परंतु त्याच्यापासून चाकांकडे जाणारे दांडे अधिक तिरके होऊन फिरतात, आणि त्यांच्या सांध्यांवर ताण येतो.

पहिले दोन दिवस गाडी मूळ स्थितींत ठेवून आम्हीं सर्व मापें घेतलीं. मग राजापुराहून एक अनुभवी मेस्त्री आले. एरवीं कारखान्यांत होणारें काम त्यांनीं दोन जॅक, चार लोखंडी घोड्या आणि चिऱ्यांच्या राशी यांवर दीड दिवसांत केलें. नव्या स्प्रिंगा उंच होत्या, तशाच कडकही होत्या. हौशी मंडळी गाडीपुढें लोखंडी बंपर, दोर ओढण्याचें यंत्र वगैरे जादा भार बांधतात, तो गृहीत धरून त्या केलेल्या होत्या. शॉकअॅब्सॉर्बरही लांब होते. जुनी स्प्रिंग काढण्यापूर्वीं मेस्त्रींनीं प्रत्येक चाक पूर्ण खालीं लोंबवून ब्रेकची रबरी नळी आणि तिच्याजवळची तार ताणली जाते काय, हें पाहिलें. एका नळीचा आधार त्यांनीं सैल करून खालीं आणला. “स्प्रिंगा सगळेच बसवतात साहेब,” ते म्हणाले, “नळीकडे कोणी बघत नाही. घाटात दगा देते ती नळीच.” काम संपल्यावर ओळंबा लावून पाहिला, तों पुढच्या चाकांचे माथे किंचित् बाहेर कललेले दिसले. बाहू खालीं ओढले गेल्याचा तो परिणाम होता. दोरी लावून साधेल तितका दोष त्यांनीं काढला, आणि यंत्रावर चाकें जुळविल्यावांचून गाडी वेगानें हांकूं नये असें बजावलें. म्हणून आमच्या सर्व परीक्षा ताशीं चाळीस किलोमीटरांच्या आंतच झाल्या. टायर, त्यांतील हवा, टाकींतील डिझेल आणि बसणारीं माणसें हीं दोन्ही वेळां सारखींच ठेविलीं होतीं.

पहिली परीक्षा उंचवट्याची. खाणींत ओल्या मातीचा पंचवीस सेंटिमीटर उंचीचा लांब बांध घातला आणि गाडी तो दोन चाकांच्या मध्यें धरून पुढें नेली. मूळ स्थितींत पुढच्या आडव्या पोलादी पट्टीनें बांधाचा माथा थोडा खरवडला, आणि मागल्या गोळ्यानें त्यांत अडीच सेंटिमीटर खोल नाळ पाडली. बांध पुन्हां लिंपून दुसरी खेप संचासह केली. पट्टीचा ओरखडा नाहींसा झाला होता. नाळ मात्र होती. माधवनें टेप लावला: अडीच सेंटिमीटर. तो मातींत आडवा होऊन बराच वेळ खालून पाहत राहिला. “काका,” तो शेवटीं म्हणाला, “गोळा आहे तेथेंच आहे.” त्याला हें पुस्तकांतून ठाऊक नव्हतें असें नाहीं, परंतु ठाऊक असणें आणि टेपवर दिसणें यांत अंतर असतें. ज्या उंचवट्यासाठीं सत्तर हजार रुपये खर्चावयाचे, त्याच उंचवट्यावर मागील आंस पूर्वींप्रमाणेंच टेकणार होता.

दुसऱ्या परीक्षेंत संचानें आपला गुण दाखविला, आणि तो प्रामाणिकपणें सांगितला पाहिजे. पऱ्ह्याच्या कांठासारखा आडवा उंचवटा ओलांडतांना पुढचीं चाकें पलीकडे उतरतात, मागचीं अलीकडे असतात, आणि गाडीचा मध्यभाग त्या धारेवर येतो. येथें आंसाखालचें अंतर महत्त्वाचें नसून दोन आंसांमधील पोटाची उंची महत्त्वाची. थारचा हा कोन कंपनी २७ अंश सांगते. दोन आंसांमधील अंतर २४५० मिलिमीटर धरून साधा भूमितीचा हिशेब केला, तर पोट पन्नास मिलिमीटरांनीं वर गेल्यावर तो सुमारें ३१ अंश होतो. जांभ्याच्या चुरीचा जो ढीग मूळ गाडीच्या पोटाला घांसला होता, तो संच लावलेल्या गाडीनें न शिवतां ओलांडला. जुन्या विलिस जीपनें हेंच काम निराळ्या उपायानें साधलें होतें. तिच्या दोन आंसांत अंतर अवघें ऐंशीं इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. गाडी आंखूड असली कीं धारेवर पोट टेकत नाहीं. त्यासाठीं ती उंच असावी लागत नाहीं.

तिसरी परीक्षा चाकांच्या लवचिकपणाची. वीस अंशांचा चिऱ्यांचा उतार बांधून पुढचें एक चाक त्यावर चढवीत जावयाचें, आणि दुसरें एखादें चाक जमीन सोडीपर्यंत पहिलें उतारावर किती गेलें तें मोजावयाचें, अशी ह्या लोकांची रूढ रीत आहे. मूळ गाडी ११८ सेंटिमीटर गेली. उंच गाडी ११२. हौशी मंडळींस हें उलटें वाटेल, परंतु कारण उघड आहे. चाकाला वरखालीं होण्यास जी एकंदर जागा असते, ती पुढच्या बाजूस फारशी वाढत नाहीं. गाडी उंच केली म्हणजे बाहू आधींच खालीं झुकलेले राहतात, आणि खड्ड्यांत उतरावयास चाकाजवळ थोडीच जागा उरते. त्यांत कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीखालीं पुरती दबतही नाहीं.

चौथी परीक्षा वळणांची. खाणीच्या तळावर ओळीनें चिरे मांडून त्यांच्यामधून नागमोडी गाडी नेली. आमची अपेक्षा अशी, कीं उंच गाडी अधिक झुकेल. ती झुकली नाहीं; कडक स्प्रिंगांमुळें उलट कमीच झुकली. माधवला यांत समाधान वाटलें. आम्हांस मात्र हेंच काळजीचें वाटलें. झुकणें कमी झालें म्हणून कलंडणें दूर गेलें असें नव्हे. समजा, गाडीच्या डावीकडच्या व उजवीकडच्या चाकांत दीड मीटर अंतर आहे, आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर आहे. अशी गाडी स्थिर असतां सुमारें ४७ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडण्याच्या सीमेवर येते. आंस व चाकें खालींच राहत असल्यामुळें दोन इंचांच्या संचानें गुरुत्वमध्य चारेक सेंटिमीटर वर जातो असें धरलें, तर ती सीमा सुमारें ४५ अंशांवर येते. फरक दीड-दोन अंशांचा; फार मोठा नव्हे. परंतु मऊ गाडी वळणावर झुकून हांकणाऱ्यास आधीं सूचना देते, आणि कडक गाडी ती सूचना देत नाहीं. सीमा जवळ आली आणि घंटाही बंद झाली, असा हा व्यवहार आहे.

पांचवी परीक्षा वहिनींनीं सुचविली. मागच्या बैठकीवर त्या स्वतः कांठोकांठ भरलेला पाण्याचा तांब्या हातांत धरून बसल्या, आणि गाडी खाणीच्या ओबडधोबड भागावरून ठराविक फेरीनें नेली. पहिल्या दिवशीं तांब्यांतील पाव हिस्सा पाणी सांडलें. संच बसविल्यावर निम्म्याहून अधिक. पदर पिळतां पिळतां त्या म्हणाल्या, “ज्यांच्या हाडांत आतां कांहीं उरलें नाहीं, त्यांना ह्यांत बसवायचें आहे, हें ध्यानांत ठेवा म्हणजे झालें.” बाजारांत हा प्रश्न माधवला कोणीं विचारला नव्हता. जादा भार गृहीत धरून केलेली स्प्रिंग तो भार नसतांना त्याचा सूड बसणाऱ्यांवर उगवते.

रात्रीं दिवे पाहिले. संचानें पुढची बाजू मागच्यापेक्षां सुमारें बारा मिलिमीटर अधिक उचलली होती. एवढ्याशा फरकानें काय होतें? त्रैराशिक मांडून पाहावें: गाडीच्या आंसांमधील अंतरांत बारा मिलिमीटरांचा चढ, म्हणजे पंचवीस मीटरांवर प्रकाश बारा सेंटिमीटर अधिक वर. शिवाय दिवे स्वतः वर गेले ते निराळेच. खाणीच्या भिंतीवर खडूनें ओढलेल्या रेघेच्या बराच वर झोत पडलेला आम्हीं पाहिला. अरुंद घाटांत समोरून येणाऱ्या एस. टी. चालकाच्या डोळ्यांत तो झोत जाईल, आणि आंधळा झालेला तो चालक आपल्याच अंगावर येईल. दिव्यांचा कोन पुन्हां लावतां येतो. परंतु तो लावावा लागतो हें किती जणांस ठाऊक असतें?

शेवटची परीक्षा खाणींत नव्हे, घराच्या खळ्यांत झाली. आमच्या कुंपणाच्या आंतून खाणीपर्यंत बैलगाडीची खाजगी वाट आहे, तिनें गाडी खळ्यांत आणली आणि मातोश्रींना बसून पाहण्याची विनंती केली. पूर्वीं त्या एका आडव्या चिऱ्यावर पाय देऊन, माधवच्या खांद्याचा आधार घेऊन, पुढच्या बैठकीवर चढत असत. ह्या गाडीला बाजूंस दोनच दारें. मागच्या बैठकीवर जावयाचें तर पुढची बैठक दुमडून आंत शिरावें लागतें, आणि तें त्यांच्यानें होणें नाहीं. ह्या वेळीं त्यांनीं चिऱ्यावर पाय ठेविला, दुसरा उचलला, आणि तो उंबऱ्यापर्यंत गेला नाहीं. एकावर एक दोन चिरे ठेविले तर ते डळमळूं लागले. त्या खालीं उतरल्या, गाडीकडे एकवार नीट पाहिलें, आणि म्हणाल्या, “गाडी वाढली रे माधवा, मी कांहीं वाढलें नाहीं.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. सर्व मापें वहींत लिहिलेलीं होतीं. हें एक माप लिहिण्याचें राहिलें होतें तें माधवनें लिहिलें. दमा उसळलेल्या माणसाला त्या दोन इंचांवर चढविण्यासाठीं दोघांनीं उचलावें लागेल. तें भर पावसांत करावें लागेल, आणि दवाखान्याच्या दाराशीं उतरवितांना पुन्हां करावें लागेल. ज्यांच्यासाठीं गाडी उंच करावयाची, त्यांनाच ती दुर्गम झाली होती.

दुसऱ्या दिवशीं मेस्त्रींनीं मूळ स्प्रिंगा परत बसविल्या आणि संच मित्राकडे गेला. मग आम्हीं तोच प्रश्न दुसऱ्या टोकानें धरला. गोळा वर जात नसेल तर उंचवटा खालीं आणावा. वाटेचे हक्कदार आम्ही सहा घरें. प्रत्येकाकडून एक-दोन माणसें आलीं, ट्रॅक्टरवाल्यांनीं चिऱ्यांच्या खाणींतील कपच्या फुकट आणून टाकल्या, आणि मिरगापूर्वीं नऊ दिवस काम चाललें. कुदळीनें मधला माथा उतरविला, चाकोऱ्या कपच्यांनीं भरून चोपल्या, आणि जेथें चढ आहे तेथें दर वीस-पंचवीस पावलांवर तिरका चर काढून पाणी कडेच्या गडग्याबाहेर सोडलें. वाट खराब करतो तो पाऊस नव्हे, तर चाकोरींतून वाहत जाणारें पाणी. त्याला बाहेरची वाट दाखविली, कीं तें चाकोरी खणीत नाहीं. ह्या सर्वांस संचाच्या किंमतीच्या निम्म्याहूनही कमी पैसा लागला. २०२५ च्या पावसाळ्यांत मूळ उंचीची गाडी त्या वाटेनें नित्य गेली. भाद्रपदांत एके ठिकाणीं कपच्या वाहून गेल्या, त्या दोन दिवसांत पुन्हां भराव्या लागल्या. दरवर्षीं असें थोडेंफार करावें लागेल, हें आम्ही धरून चाललों आहों.

यावरून उंच गाडी वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाहीं. माधवला डोंगरांतल्या खडकाळ वाटांची हौस आहे. तेथें आडव्या धारा ओलांडावयाच्या असतात, बसणारे पंचविशींतले असतात, आणि वाट दुरुस्त करणें शक्य नसतें. तेथें त्या चार अंशांचें मोल आहे. पुढेंमागें त्यानें स्वतःसाठीं असा संच घेतला तर आम्ही आड येणार नाहीं. परिवहन कार्यालयाचा लेखी होकार, विमा कंपनीस सूचना, यंत्रावर चाकांची जुळणी आणि दिव्यांची दुरुस्ती, एवढ्या अटी मात्र त्यानें आपण होऊनच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेविल्या आहेत.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आतां अशा गाड्या आल्या आहेत, आणि घरांतील तरुणांच्या मनांत असे बेतही असतील. त्यांस नुसतें नको म्हणून भागत नाहीं. नको म्हटलेली गोष्ट पाठीमागून होते. बरोबर बसून मोजावें. आपली अडचण नेमकी कोठें आहे, स्प्रिंगांच्या वर कीं खालीं, हें आधीं पाहावें. वाढलेल्या प्रत्येक इंचाचा भार कोणत्या नळीवर, कोणत्या सांध्यावर आणि कोणाच्या हाडांवर पडतो, याचा शोध घ्यावा. आणि पैसे मोजण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसाला त्या गाडींत एकदां चढून-उतरून पाहण्यास सांगावें. ह्या परीक्षेस यंत्र लागत नाहीं, खाण लागत नाहीं. पांच मिनिटें लागतात.